दारातल्या स्पीकरला बेस नाही, पत्रा खरखरतो: कमी खर्चात डॅम्पिंग (पत्र्याची थरथर मारणं) कसं करावं?

जुळे_सोलापूरकर

गाडी स्विफ्ट, २०१४ची. पुढच्या दोन्ही दारांत कंपनीचे स्पीकर काढून साडेसहा इंची कोॲक्सियल (मधोमध छोटा ट्वीटर असलेले) बसवलेत. ॲम्प्लिफायर नाही, साध्या टचस्क्रीन स्टिरिओवरच चालतात. झांज, टाळ्या, गाणाऱ्याचा आवाज स्वच्छ येतो, पण डग्गा जवळजवळ ऐकूच येत नाही. आवाज वाढवला की डाव्या दाराचा पत्रा खरखरायला लागतो. विजापूर रोडला एका ॲक्सेसरीवाल्याकडे विचारलं, तर चार दारं आणि डिक्की मिळून १४ हजार सांगितले. तेवढे घालायचे नाहीत. तीन-चार हजारांत घरीच जमवायचं आहे.

विचारायचं ते असं:

छताच्या गळतीला लावतात ती चंदेरी टेप दारात चालेल का? दोन दारांना किती लागेल? आपल्याकडे चादरीच्या कारखान्यांतला फेल्ट आणि कापसाचा वेस्ट स्वस्तात मिळतो, तो दारात भरला तर आवाज सुधारेल का? आणि पावसाचं पाणी दारात उतरतं म्हणतात, त्याचं काय?

हत्यारांत पेचकस, पान्यांचा सेट, ड्रिल आणि हेअर ड्रायर आहे. गाडी दिवसभर उघड्यावर उन्हात असते, आणि सध्या मे चालू आहे, हे लक्षात घेऊन सांगा.

---

पत्रा_आणि_पाना

अण्णा, टेप आणायच्या आधी एक फुकटातली परीक्षा करा. डाव्या दाराचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, काढा. आतल्या पत्र्याला एक-दोन मोठी आणि पाच-सात लहान भोकं दिसतील, त्यांवर पातळ प्लास्टिकचा कागद असेल. तो कागद तात्पुरता बाजूला करून भोकांवर जाड पुठ्ठा ठेवा आणि खोक्याला लावतो त्या खाकी टेपने कडा चारही बाजूंनी बंद करा. पॅड परत न लावता गाणं लावा आणि स्टिरिओचा बॅलन्स एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे न्या. डाव्या दारातून डग्गा उठलेला ऐकू आला, तर तुमचा निम्मा प्रश्न भोकांचा आहे, पत्र्याचा नाही.

कारण असं. स्पीकरचा कोन (पुढे-मागे हलणारा पडदा) पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तेवढीच ओढतो. पुढची आणि मागची लाट एकमेकींच्या उलट्या असतात, एकत्र आल्या की एकमेकींना खातात. १०० हर्ट्झची लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते. तिला दाराच्या भोकातून वळसा घालून पुढे यायला काहीच अडचण नाही. २००० हर्ट्झची लाट जेमतेम १७ सेंटिमीटर, तिचं असं सरळसोट कटत नाही. म्हणून झांज शाबूत राहते आणि डग्गा जातो. दार हा तुमच्या स्पीकरचा डबा आहे आणि सध्या त्या डब्याला खिडक्या आहेत. नुसत्या बाहेरच्या पत्र्यावर कितीही शीट चिकटवलं तरी या खिडक्या उघड्याच राहतात. बाजारात बऱ्याच ठिकाणी नेमकं तेवढंच काम करून पैसे घेतले जातात.

म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी आतल्या पत्र्याची भोकं, मग स्पीकर घट्ट बसवणं, मग स्पीकर आणि पॅड यांच्यामधली फट, आणि त्यानंतर बाहेरचा पत्रा. मागची दारं आणि डिक्की सोडून द्या. स्टिरिओत फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारं सेटिंग) थोडा पुढे घेतला की पुढच्याच दारांवर भागतं.

माल. ॲल्युमिनियमचं पान असलेली ब्युटिल (चिकट कृत्रिम रबर) टेप चालते, पण 'चंदेरी' दिसणारी प्रत्येक टेप ब्युटिल नसते. बरीचशी डांबराची असते. १० सेंटिमीटर रुंद आणि ५ मीटर लांब रोल म्हणजे अर्धा चौरस मीटर. तुमच्या दाराचा हिशोब साधारण असा: बाहेरच्या पत्र्याचा हात पोचतो तो भाग ०.४ चौरस मीटरच्या आसपास, त्यातला निम्मा झाकला तरी पुरे, म्हणजे ०.२. आतल्या पत्र्यावर भोकं आणि कडा मिळून ०.३. दोन दारांचा १ चौरस मीटर, वर कापाकापीत वाया जाणारी आणि स्पीकरच्या मागे दुहेरी थर धरून दीड. म्हणजे ५ मीटरचे तीन रोल.

जाडी बघूनच घ्या. पाकिटावर काहीही छापलेलं असतं, वजन खोटं बोलत नाही. १० सेंटिमीटर बाय ५ मीटरचा दीड मिलिमीटर जाडीचा रोल एक किलोच्या आसपास किंवा पुढे भरायला हवा. अर्धा किलो भरला तर तो गळतीपुरताच आहे. ॲल्युमिनियमचं पान नखाने दाबून बघा. चॉकलेटच्या कागदासारखं लगेच फाटलं तर सोडा. पत्र्याची थरथर मारण्याचं काम एकट्या रबराचं नाही. पत्रा वाकतो, वरचं पान वाकायला तयार नसतं, मधलं रबर दोघांत ओढलं जातं आणि थरथरीची ताकद उष्णता होऊन जिरते. पान मऊ असेल तर रबर ओढलंच जात नाही, नुसतं वजन वाढतं.

फेल्ट आणि कापूस दारात अजिबात नको. काचेच्या बीडिंगमधून (कडेच्या रबरी पट्टीतून) पाणी दारात उतरतंच, ते खालच्या भोकांतून निघून जावं म्हणूनच दार आतून रिकामं ठेवलेलं असतं. कापूस पाणी धरून ठेवतो आणि पत्रा आतून गंजत जातो. बाहेर फोड दिसेपर्यंत काही कळत नाही. थर्मोकोल, ग्लासवूल, अंड्याच्या ट्रेसारखा स्पंज, सगळ्याला हेच लागू. स्प्रेने फुगणारा फोम तर सगळ्यात वाईट. तो काचेच्या यंत्रणेत आणि लॉकच्या सळीत शिरून बसतो आणि नंतर निघत नाही. पुसायला मात्र टॉवेलच्या कटपीससारखं दुसरं काही नाही, आणि ते सोलापुरात मिळायला अडचण नाही.

काम कसं करायचं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डोअर पॅडचे स्क्रू हँडलच्या मागच्या झाकणाखाली आणि हात धरायच्या खाचेत असतात. आरशाजवळचा तिकोना तुकडा आधी काढा. मग खालच्या कोपऱ्यापासून पॅड एकेक क्लिप सुटेल असं बाहेर ओढा, शेवटी वर उचला. पेचकस घालून उचकटलं की रंगही जातो आणि क्लिपही तुटते. प्लास्टिकची चपटी पट्टी वापरा, आठ-दहा क्लिपा जास्तीच्या आणून ठेवा. जुन्या क्लिपा काही ना काही तुटणारच.

प्लास्टिकच्या कागदामागे काळा चिकट दोरा असतो. ड्रायरने ऊब देत कटरने कापत गेलात तर कागद अखंड निघतो. फेकू नका, माप घ्यायला उपयोगी पडतो.

आता सफाई. डॅम्पिंग गळून पडण्याचं मुख्य कारण धूळ. आपल्याकडची धूळ पिठासारखी बारीक, एका पुसण्यात जात नाही. पहिल्यांदा ओल्या फडक्याने, वाळल्यावर टर्पेंटाइनच्या फडक्याने कंपनीचा मेणचट थर, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. टर्पेंटाइनचा तेलकटपणा राहिला तर टेप धरत नाही, म्हणून शेवटचं पुसणं चुकवू नका. पेट्रोल वापरू नका. दारात त्याची वाफ साचते आणि तिथेच वायरिंग असतं.

मे महिन्यात उन्हात हे काम करूच नका. तापलेल्या पत्र्यावर ब्युटिल टेकताक्षणी चिकटतं, सरळ करायला वेळच मिळत नाही, आणि दाबताना कडेने बाहेर ओघळतं. आदल्या संध्याकाळपासून गाडी सावलीत ठेवा आणि सकाळी सात ते अकरात उरका. टेप चिकटवायला हेअर ड्रायरची गरज डिसेंबरात, आत्ता नाही.

बाहेरच्या पत्र्यावर टेपचे तुकडे ३० सेंटिमीटरचे करा. सुरुवात स्पीकरच्या बरोबर मागून, तिथे ३० बाय ३० भागात आडवा आणि वरून उभा असे दोन थर. बाकीच्या भागात मधोमध. पत्रा मधे जास्त थरथरतो, कडेला आधीच धरलेला असतो. प्रत्येक तुकडा छोट्या रोलरने मधून कडेकडे दाबा. रोलर नसेल तर लांब बोल्टवर जुनं बेअरिंग अडकवून चालतं. बाहेरचा पत्रा फार जोरात दाबू नका, बाहेर टेंगूळ येतं. काच पूर्ण खाली करून तिच्या रुळापासून आणि यंत्रणेपासून बोटभर अंतर सोडा. खालची पाणी जायची भोकं उघडी हवीत. सुरुवातीलाच त्यांत काड्या खोचून ठेवल्या तर चुकून बुजत नाहीत.

काम झालं की बाहेरून बोटाच्या पेराने वाजवून बघा. आधी 'टण्ण' वाजायचं तिथे 'ठप्प' वाजलं की झालं, त्याहून जास्त थर देऊन फार मिळत नाही.

हातमोजे घाला. भोकांच्या आतल्या कडा आणि ॲल्युमिनियमचं पान, दोन्ही ब्लेडसारखी कापतात.

---

तारांचा_गुंता

वरचं सगळं बरोबर, पण पॅड काढलंच आहे तर आधी स्पीकरची प्लस-मायनस तपासा. नवीन स्पीकर बसवताना एका बाजूची वायर उलटी लागणं ही फार सामान्य गोष्ट आहे. त्याचंही लक्षण हेच: आवाज स्वच्छ, बेस गायब. डावा कोन पुढे जातो तेव्हा उजवा मागे येतो आणि गाडीच्या मध्ये बेस कटतो.

ओळखायला बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या. दोन्हींपेक्षा एकटा स्पीकर जास्त घुमला तर वायर उलटी असण्याची दाट शक्यता आहे. खात्री करायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, स्पीकरची वायर स्टिरिओपासून सोडवा, आणि सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला क्षणभर टेकवा. कोन बाहेर यायला हवा. आत गेला तर त्या स्पीकरवरची खूण किंवा तुमची जोडणी उलटी आहे. स्टिरिओ जोडलेला असताना सेल लावू नका.

दुसरं, स्टिरिओच्या सेटिंगमध्ये हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या आकड्याखालचे सूर कापणारा) असेल तर ८० हर्ट्झवर लावा. बेस हवा म्हणून बेस कापायचा, हे उलटं वाटेल. पण दारातला साडेसहा इंची स्पीकर ५० हर्ट्झ वाजवण्याच्या नादात कोन लांबवर हलवतो, आणि त्याच वेळी १०० हर्ट्झवाला डग्गा फाटतो. खालचं ओझं काढलं की वरचा बेस घट्ट होतो आणि आवाज आणखी दोन-चार घरं वाढवता येतो. लाउडनेस आणि 'एक्स्ट्रा बेस' बंद.

स्टिरिओवर लिहिलेलं '५० वॅट गुणिले ४' हा क्षणिक शिखराचा आकडा. या वर्गातला स्टिरिओ सतत देतो ते चॅनेलमागे १५ ते २० वॅटच्या आसपास. एवढ्या ताकदीला कंपनीचीच वायर पुरते, जाड वायर ओढण्यात पैसे घालू नका.

---

फटाफट_फिटिंग

एवढं ब्युटिल-ब्युटिल करायची गरज नाही. डांबराची टेप निम्म्या भावात मिळते, दाबली की छान चिकटते. गाडीच्या फरशीवर कंपनीसुद्धा डांबरी पॅडच लावते. मग दारात का चालू नये?

---

पत्रा_आणि_पाना

फरशीवरचं पॅड आणि ही टेप एक नव्हे. कारखान्यात ते पॅड रंगाच्या भट्टीतल्या उष्णतेने पत्र्यावर वितळवून बसवतात, आणि ते आडव्या पत्र्यावर असतं. खाली घसरायला जागाच नाही. दाराचा पत्रा उभा, टेप नुसत्या चिकटपणावर लटकलेली. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये हवाच चाळिशीच्या वर असते. उन्हातला गडद रंगाचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो, हात ठेववत नाही. त्या तापमानात डांबर मऊ पडतं, टेप आपल्याच वजनाने इंच-इंच खाली सरकते, आणि खाली कुठे, तर काचेच्या रुळावर नाहीतर पाणी जायच्या भोकांवर. शिवाय बंद गाडीत पहिले काही महिने डांबराचा वास. थंड प्रदेशात राहणाऱ्यांचे डांबरी टेपची तारीफ करणारे व्हिडिओ बघून इथे ती लावू नये.

ओळखायला टर्पेंटाइनने ओल्या पांढऱ्या फडक्याने टेपची चिकट बाजू घासा. तपकिरी डाग लगेच पसरला आणि रस्त्यावरच्या डांबराचा वास आला तर डांबर. ब्युटिल च्युइंगमसारखं लांब ताणलं जातं आणि त्याला वास जवळजवळ नसतो. तरी शंका असेल तर वीतभर तुकडा पत्र्याच्या डब्यावर उभा चिकटवा, वरच्या कडेला पेनाने रेघ मारा, आणि गच्चीवर पश्चिमेकडे तोंड करून चार दुपारी ठेवा. रेघेपासून टेप हलली की दारात नको.

डांबरी टेप आधीच विकत आणली असेल, तर डिक्कीत स्पेअर व्हीलच्या खळग्यात वापरा. तिथे ऊन थेट लागत नाही आणि तळ आडवा असतो.

---

जुळे_सोलापूरकर

वायरी तपासल्या. उजव्या स्पीकरची उलटी निघाली! सरळ केल्यावर फरक लगेच कळला. पुठ्ठ्याची परीक्षाही केली, डाव्या दारातून डग्गा उठतो, म्हणजे भोकंही बंद करावी लागणारच.

आता दोन अडचणी. मोठं भोक साधारण ३५ बाय २५ सेंटिमीटरचं आहे. त्यावर टेपच्या पट्ट्या शेजारी-शेजारी लावून झाकलं तर चालेल का? उद्या काचेची मोटर बिघडली तर? आणि स्पीकर सध्या बाजारातल्या पातळ प्लास्टिकच्या रिंगवर आहे, बोटाने दाबलं तर हलतो. प्लायची रिंग करू का?

---

सुतारपक्षी_४१३

रिंगबद्दल मी सांगतो. प्लाय आणि एमडीएफ दोन्ही नको. दाराची आतली बाजू पावसाळ्यात ओली राहते. एमडीएफ फुगून भुसा होतो, साध्या प्लायचे थर सुटतात. मॉड्युलर किचनला वापरतात तो १८ मिलिमीटरचा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला) बोर्ड घ्या. प्लायवुडच्या दुकानात कापून उरलेले तुकडे पडलेले असतात, ३० सेंटिमीटर चौरसाचे दोन तुकडे पुरतात. पाणी पीत नाही आणि जिगसॉने लोण्यासारखा कापला जातो.

कापण्याआधी माप. साडेसहा इंची स्पीकरचं आतलं भोक बहुतेक वेळा १४० ते १४५ मिलिमीटरचं असतं, पण स्पीकरच्या खोक्यातला कागदी साचा प्रमाण माना. मग काच पूर्ण खाली करा आणि आतल्या पत्र्याच्या तोंडापासून काचेपर्यंतची खोली दोन-तीन ठिकाणी मोजा. स्पीकरची खोली वजा रिंगची जाडी ही त्या मापापेक्षा निदान ८ मिलिमीटर कमी पाहिजे. स्पीकर ६० खोल आणि रिंग १८ ची, तर मागे ४२ जागा व्यापतो. तेव्हा काच ५० च्या आत नको. उलट रिंग फार जाड झाली तर स्पीकर पॅडच्या जाळीला आतून टेकतो आणि पॅड बसतच नाही. म्हणून पॅड एकदा नुसतं धरून बघा. १८ जास्त होत असेल तर १२ चा बोर्ड घ्या.

रिंग दाराला बसवताना कंपनीच्या तीन-चार भोकांतच बोल्ट, मोठा वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, थरथरीने सैल न होणारा). पत्र्यात नुसता स्क्रू पिळला तर थरथरीने भोक मोठं होतं आणि दोन-चार महिन्यांत सैल पडतो. नवीन भोक पाडावंच लागलं तर कडेला रंगाचा थेंब लावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. रिंग आणि दार यांच्यात ब्युटिलचा दोरा, स्पीकर आणि रिंग यांच्यात पातळ फोम टेप. स्पीकरचे स्क्रू समोरासमोर थोडे-थोडे आवळा. एकाच बाजूने शेवटपर्यंत आवळलं तर चौकट वाकते आणि कॉइल घासायला लागते, त्याची वेगळीच खरखर.

आता बहुतेकांकडून सुटणारी गोष्ट: स्पीकरच्या पुढची फट. स्पीकर आणि पॅडची जाळी यांत दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा राहते. तिथून निम्मा आवाज तुमच्याकडे न येता पॅडच्या मागे शिरतो आणि पॅड थरथरवतो. एसीच्या डक्टला गुंडाळतात ती काळी नायट्राइल रबराची शीट, १९ मिलिमीटर जाडीची आणि एका बाजूला गोंद असलेली, एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात मीटरवर मिळते. तिची दोन बोटं रुंद पट्टी स्पीकरच्या कडेभोवती गोल लावा. पॅड बसल्यावर ती थोडी दबली पाहिजे. दबते की नाही हे बघायला पट्टीवर खडूची पूड लावून पॅड एकदा बसवा आणि काढा. पॅडच्या आतल्या बाजूला पूर्ण गोल उमटला तर फट बंद, कुठे तुटला तर तिथे आणखी एक थर. या पट्टीचा खर्च चहा-भज्यांइतका, पण फरक तीन रोल टेपपेक्षा जास्त.

---

पत्रा_आणि_पाना

मोठ्या भोकावर नुसती टेप ताणली तर ती ढोलाच्या चामड्यासारखी हलते, बंद केल्याचा निम्मा फायदा जातो. तिथे कडक काहीतरी पाहिजे. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे ३ मिलिमीटरची एसीपी शीट (दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम, मधे प्लास्टिक) असते, तिचे कटपीस मागा. भोकापेक्षा चारही बाजूंनी २ सेंटिमीटर मोठी कापा, त्यासाठी तो जुना प्लास्टिकचा कागद साचा म्हणून वापरा. कडेने ब्युटिलचा दोरा फिरवा आणि सहा ठिकाणी १२ मिलिमीटरचे स्क्रू मारा. त्याहून लांब स्क्रू नको, आत काच आणि वायरी आहेत. वायर आणि हँडलची केबल जिथून जाते तिथे खाच ठेवून भोवती ब्युटिल दाबा. स्क्रू असल्यामुळे उद्या मोटर बदलायची वेळ आली तर प्लेट काढून परत लावता येते. म्हणूनच सिलिकॉनने कायमचं चिकटवू नका. त्यातही व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज आणतं.

लहान, म्हणजे ५ सेंटिमीटरपर्यंतच्या भोकांवर टेपचे दोन थर पुरतात.

एक सूचना इतर वाचणाऱ्यांसाठी. साइड एअरबॅग असलेल्या काही गाड्यांत दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. अशा दाराची भोकं बंद करू नका. आधी सर्व्हिस सेंटरला विचारा, तोवर फक्त रिंग आणि पुढची पट्टी करा.

---

धमक_६५

डाव्या दाराची खरखर मात्र कदाचित बाहेरच्या पत्र्याची नसेल. फोनवर टोन जनरेटर ॲप घ्या, मध्यम आवाजात ४० पासून २५० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर न्या आणि खरखर सुरू झाली तो आकडा धरून ठेवा. ४०-५० वर फार वेळ थांबू नका, कोनला ताण पडतो. तो आकडा वाजत असताना एकेका भागावर हाताने दाबत जा: पॅडचा वरचा काठ, बाटली ठेवायचा खण, काचेचं बटण, आरशाजवळचा तिकोना. दाबल्यावर थांबलं तिथे दोष.

पॅड काढल्यावर बघायचे मुख्य संशयित दोन: लॉकची लांब सळी आणि मोकळी लोंबणारी वायर. सळीला दर १० सेंटिमीटरला नायट्राइलचा तुकडा गुंडाळा, पण तिची हालचाल अडणार नाही एवढं बघा. प्लास्टिकच्या क्लिपेतून ती जिथे जाते तिथे काही गुंडाळू नका, लॉक जड होतं. वायरीच्या जुडग्याला कापडी टेप गुंडाळून पत्र्याला बांधून टाका. साधी काळी इलेक्ट्रिक टेप उन्हाळ्यात गोंद सोडते.

आणि अपेक्षा आधीच ठरवून ठेवा. या कामाने गाण्याचा बेस आणि दार लावतानाचा आवाज सुधारतो. पुणे हायवेवर ८० च्या पुढे टायरचा आणि वाऱ्याचा घोंघाट येतो तो दारातल्या टेपने फारसा कमी होत नाही. वाऱ्याच्या आवाजासाठी दाराचं रबरी बीडिंग दबून चपटं झालंय का ते बघा. कागदाची पट्टी मधे धरून दार लावा, ती सहज ओढून निघाली तर त्या जागी बीडिंग धरत नाही.

---

जुळे_सोलापूरकर

कळलं. मागच्या दारांची काच हाताने फिरवायची आहे. पॅडमागची खरखर बघायला तेही काढायचं म्हटलं तर ते हँडल कसं निघतं? स्क्रू दिसत नाही.

---

सुतारपक्षी_४१३

स्क्रू नसतोच, मागे तारेची कमानीसारखी क्लिप असते. टॉवेलची लांब पट्टी हँडल आणि पॅड यांच्या फटीत घाला, दोन्ही टोकं धरून करवतीसारखी इकडून तिकडे ओढा. क्लिप सुटून उडते, म्हणून दुसरा हात आडवा ठेवा. बसवताना क्लिप आधी हँडलमध्येच परत घाला आणि हँडल दांड्यावर ठोकून बसवा.

---

पत्रा_आणि_पाना

पॅड कायमचं बसवण्याआधी पाण्याची परीक्षा करून घ्या. पावसाची वाट बघू नका. काच पूर्ण वर, आणि नळीने किंवा मगने काचेच्या खालच्या बीडिंगवर दोन मिनिटं पाणी सोडा. पाणी दाराच्या तळच्या भोकांतून बाहेर पडलं पाहिजे आणि आतली प्लेट, टेपच्या कडा कोरड्या राहिल्या पाहिजेत. भोकातून पाणी येत नसेल तर केबल टायने आत कोंडलेली माती काढा, जुन्या गाडीत ती असतेच. आतल्या बाजूला ओल दिसली तर सगळी टेप उखडू नका. बहुतेक वेळा गळती प्लेटच्या खालच्या कडेला, वायर जाते त्या खाचेपाशी असते. तेवढीच जागा पुसून वाळवा, ब्युटिलचा दोरा अंगठ्याने पुन्हा दाबा आणि परत पाणी सोडून बघा.